एक शब्द कापलेला, दुसरा मोकळा

प्रश्न : अमेरिकी रेडिओवर टॉम पेटीच्या १९९४ च्या गाण्यात ‘जॉइंट’ (गांजाची सिगारेट) हा शब्द उलटा ऐकू येतो, पण एरिक क्लॅप्टनचं ‘कोकेन’ जसंच्या तसं वाजतं. असं का?

उत्तर : कारण ठरलेली शब्दसूची नाही. रेडिओ-टीव्हीवर नियंत्रण ठेवणाऱ्या तिथल्या संचार आयोगाचे असभ्यतेचे नियम लैंगिक आणि मलमूत्रविषयक मजकुरापुरते आहेत. १९७१ मध्ये आयोगाने गाण्यांतल्या अमली पदार्थांच्या उल्लेखांची जबाबदारी स्टेशनांवर टाकली, थेट बंदी घातली नाही. त्यामुळे निर्णय स्टेशनचा कार्यक्रमप्रमुख घेतो, किंवा रेकॉर्ड कंपनी आधीच ‘रेडिओ एडिट’ म्हणजे रेडिओसाठी कापछाट केलेली प्रत पाठवते. जुन्या गाण्यांची अशी प्रत बहुधा नसतेच. शिवाय ‘कोकेन’मध्ये तो शब्दच ध्रुवपद आहे, काढणार काय?

कापण्याची पद्धतही महत्त्वाची. गायकाचा ट्रॅक वेगळा असेल तर तेवढाच आवाज बंद करता येतो, ठेका अखंड राहतो. फक्त तयार स्टिरिओ मिश्रण (आवाज आणि वाद्यं एकत्र केलेलं) हाती असेल तर आवाज बंद केल्यावर वाद्यंही गायब होतात आणि खड्डा जाणवतो. म्हणून शब्दापुरता तुकडा उलटा फिरवतात. दोन्ही टोकांना काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज हळू विरत दुसरा हळू वाढणं) हवाच, नाहीतर ‘टक’ असा आवाज येतो. आमच्या मते, अर्धवट कापलेला शब्द श्रोत्याचं लक्ष उलट जास्तच वेधतो.