डिझेल पिकअपला बाहेरचा इनटेक पाइप बसवला तर दम वाढतो का? घरच्या घरी बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: २०१७ची इसुझू व्ही-क्रॉस, २.५ लिटरचं इंजिन, रनिंग लाखाच्या पुढे. माल भरून आंबा घाट चढताना दम कमी पडतो, मागून काळा धूर निघतो. यूट्यूबवर अ‍ॅल्युमिनियमच्या इनटेक पाइपचं, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या पाइपचं, किट बघितलंत, विकणारा म्हणतो पंधरा एचपी वाढतील. घ्यावं का, आणि घरी बसवता येईल का?

बसवता येईल. पंधरा एचपी मात्र विसरा. जुना पाइप गळत असेल तर नवा टाकल्यावर गाडी पूर्वी ओढायची तशी ओढेल, त्याहून जास्त नाही. आणि गळत नसेल तर बोनेट उघडल्यावर इंजिन देखणं दिसेल एवढाच फायदा. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी.

एचपीचा हिशेब समजून घ्या, म्हणजे असल्या जाहिराती बघून पुढेही हसू येईल. डिझेल इंजिनात ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं जातं त्यावर. हवा त्या डिझेलला पुरेशी असली म्हणजे झालं. तुमच्या इंजिनाला कंपनीने १३४ एचपी आणि ३२० न्यूटन-मीटर ठरवून दिलेत, म्हणजे ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) तेवढ्याच डिझेलचा नकाशा भरलाय. हवेचा दाब किती हवा हेही त्यातच लिहिलेलं असतं. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाच्या) बाजूला बसलेला प्रेशर सेन्सर दाब मोजत राहतो आणि ईसीयू टर्बोतली (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्यातली) पाती हलवून तो ठरल्या आकड्यावर आणतो. तुम्ही पाइप मोठा, गुळगुळीत, चकचकीत केलात तरी ईसीयूला हवा तो दाब तेवढाच. फार तर टर्बोचे कष्ट थोडे कमी होतील. पाइपबरोबर ट्यूनिंग केलं, म्हणजे डिझेलचा नकाशाच बदलला, तर गोष्ट वेगळी. पण मग ती ताकद ट्यूनिंगची, श्रेय पाइपला. त्या वाटेला लागलात की क्लच, धूर, गिअरबॉक्स सगळंच पुढे येतं, आणि माल वाहणाऱ्या गाडीला मी तो सल्ला देणार नाही.

आता ‘इनटेक पाइप’ म्हणून बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू विकतात, आणि गोंधळ इथेच होतो. एक, एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोच्या तोंडापर्यंतचा. दोन, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा (इंटरकूलर ही दाबलेली गरम हवा गार करतो), म्हणजे गरम बाजूचा. तीन, इंटरकूलरपासून इंजिनापर्यंतचा, थंड बाजूचा. पहिल्यात हवा ओढली जाते, उरलेल्या दोघांत ती दाबाखाली असते. तुमच्या किटमध्ये यातला नेमका कुठला आहे हे दुकानदाराला फोटोसकट विचारा.

पहिल्या पाइपाला हात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात बहुधा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. तो ज्या नळीत बसतो तिचा व्यास बदलला की तोच सेन्सर चुकीचा आकडा सांगायला लागतो आणि ईसीयू त्या चुकीवर विसंबून डिझेल आणि ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) हिशेब मांडतो. अशा किटबरोबर बऱ्याचदा तेल लावलेला कापडी कोन फिल्टर येतो. तेल जास्त झालं तर ते सेन्सरच्या बारीक तारेवर जाऊन बसतं. आणि धूळ! ३,००० आरपीएमला पूर्ण लोडवर २.५ लिटरचं टर्बो इंजिन मिनिटाला सहा-सात हजार लिटर हवा आत घेतं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून कच्च्या रस्त्यावर पिकअप चालवली असेल तर त्या हवेत काय काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. फिल्टर किंवा टर्बोआधीचा जोड जरासा सैल राहिला की ती बारीक वाळू टर्बोचं चाक घासते आणि पुढे रिंगा-लायनर खाते. कंपनीचा कागदी फिल्टर आणि त्याचा बंद डबा दिसायला साधा असतो, पण त्याच्या तोडीचं काम करणारा उघडा कोन मी अजून पाहिलेला नाही.

दाबाच्या बाजूचे दोन पाइप मात्र बदलण्यात अर्थ असतो, आणि तो टिकाऊपणासाठी. टर्बोतून बाहेर पडणारी हवा लोडवर दीडशे अंशांच्या आसपास जाऊ शकते. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, आलेली तेलाची वाफ तिच्यात मिसळलेली असते. उष्णता आणि तेल मिळून रबराचा होस वर्षानुवर्षांत मऊ पडतो, आतून पापुद्रे सुटतात, दाब आला की फुगतो. त्यात इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असतं आणि इंटरकूलर जागच्या जागी असतो, म्हणजे मधला होस कायम पिळवटला जातो. चीर पडते ती बहुतेक क्लिपच्या काठाशी किंवा वळणाच्या पोटात, जिथे वरून बघून काहीच दिसत नाही.

तपासणी अशी करा. बॅटरीवर चालणारा टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. गळत असेल तिथे तेलाची वाफ बाहेर येऊन त्यावर धूळ चिकटते आणि काळा, ओलसर डाग तयार होतो. गळतीची जागा तो डागच दाखवतो. मग इंजिन गार असताना होस हाताने दाबून, वाकवून बघा. गाडी चालवताना लोडवर ‘सूऽऽ’ असा आवाज येतो का तेही ऐका. गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून मोबाइलवर बिघाडाचे कोड दाखवणारं स्वस्तातलं ओबीडी डोंगल असेल तर पी०२९९ हा कोड आहे का बघा; दाब हवा तेवढा भरत नाही असा त्याचा अर्थ.

खात्रीची परीक्षा मात्र हवा भरून. त्याला महागडं यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या होसात घट्ट बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप आणा, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवा. फिल्टरकडचा होस काढून टर्बोच्या बाजूला ही टोपी क्लिपने आवळा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा सोडा. दाब दहा-बारा पीएसआयच्या वर नेऊ नका, आणि भरताना टोपीसमोर तोंड आणून उभे राहू नका, सुटली तर गोळीसारखी येते. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या कडांवर आणि प्रेशर सेन्सरच्या बुडाशी मारा. थोडी हवा वॉल्व्हमधून इंजिनात आणि ब्रीदरमधून जाणारच, तिकडे दुर्लक्ष करा. बुडबुडे कुठे येतात ते बघा. कोल्हापूरकडच्या एका गॅरेजात मी हा प्रयोग पाहिला होता. मालक अख्खं किट घ्यायला निघालेला, आणि बुडबुडे आले ते सेन्सरच्या सुकलेल्या ओ-रिंगशी. रिंग बदलली, गाडी चढाला लागली.

गळती होसात किंवा पाइपात निघाली तर खुशाल बदला. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घेताना चार गोष्टी हातात घेऊन बघा. टोकाला उठावदार कंगोरा हवा, नुसतं सपाट टोक असेल तर परत करा. सेन्सरची जागा मूळ पाइपासारखीच असली पाहिजे. वेल्डिंगच्या आत गोळे किंवा पत्र्याचे कण नकोत. सुटलेला कण थेट इंजिनात जातो. आणि गरम बाजूचा सिलिकॉन होस आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला घ्या, कारण साधं सिलिकॉन तेल शोषतं आणि काही दिवसांनी घाम फुटल्यासारखं बाहेरून तेलकट होतं.

कंगोऱ्याबद्दल मी एवढा आग्रही का, तर गणित बघा. पाइप आतून ६० मिलिमीटरचा धरला तर त्याचं तोंड साधारण २८ चौरस सेंटिमीटर होतं. १.२ बार दाबाला वळणावरचा जोड उखडू पाहणारं जवळजवळ ३४ किलोंचं बळ त्यावर येतं, तेही प्रत्येक वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की. ते फक्त घर्षणावर आणि क्लिपवर तोललेलं असतं. म्हणूनच बसवताना सगळ्यात महत्त्वाचं काम स्वच्छता. पाइपाची टोकं आणि होसाचा आतला भाग ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोट फिरवल्यावर करकर वाजलं पाहिजे. होस सरकत नाही म्हणून कुणी ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायला सांगेल, त्याचं ऐकू नका. लोडवर पहिल्याच चढाला पाइप निसटेल. अल्कोहोलने ओला करून सरकवा, ते उडून जातं. तेल लावायचं ते फक्त सेन्सरच्या ओ-रिंगला, बोटाच्या टोकावर मावेल इतकं.

बाकीचं काम साध्या पान्ह्यांचं आहे. इंजिन पूर्ण गार, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. जुना पाइप काढल्याबरोबर टर्बोचं आणि इंजिनाचं तोंड स्वच्छ फडक्याने झाका, आणि फडक्याचा कोपरा बाहेर ठसठशीत दिसेल असा ठेवा, नाहीतर ते आतच विसरलं जातं. जुना पाइप उलटा करून बघा. आतून तेलाचा हलका थर असणं नेहमीचं आहे. वाटीभर तेल निघालं तर थांबा, टर्बोची सील किंवा ब्रीदर तपासून घ्या, आणि इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. ते तेल एकदम आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं आणि चावी फिरवून बंद होत नाही.

नवा पाइप आधी क्लिपा न आवळता नुसता बसवून बघा. फॅन, बेल्ट, बॅटरीचा ट्रे, बोनेटची खालची बाजू, कुठेही टेकता कामा नये. इंजिन हलतं हे लक्षात ठेवून बोटभर जागा सोडा. होसाच्या आत दोन पाइपांची टोकं एकमेकांना भिडू देऊ नका, मध्ये पाच ते दहा मिलिमीटर अंतर राहू द्या, नाहीतर धातू धातूवर आपटत राहतो. क्लिप कंगोऱ्याच्या पलीकडे, होसाच्या काठापासून थोडी आत. भोकं पाडलेल्या पट्टीची साधी होस क्लिप सिलिकॉनला कापते, म्हणून टी-बोल्टच्या क्लिपा वापरा, गरम बाजूला स्प्रिंगवाल्या मिळाल्या तर उत्तम. आवळायला किटवाल्याने दिलेला टॉर्क पाळा. दिला नसेल तर छोट्या रॅचेटने, खांद्याचा जोर न लावता. सिलिकॉन पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर यायला लागलं की पुरे. दोन-तीन वेळा इंजिन तापून गार झालं की क्लिपा पुन्हा एकदा बघा, सिलिकॉन बसतं आणि त्या थोड्या सैल होतात.

मग तीच टोपी लावून पुन्हा हवेची परीक्षा, आणि मगच घाट. डोंगलवर ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब असे दोन्ही आकडे दिसत असतील तर तिसऱ्या गिअरमध्ये चढाला शेजारी बसलेल्या माणसाला ते वाचायला सांगा. स्वतः गाडी चालवताना मोबाइलकडे बघू नका, आंबा घाटात तर नाहीच.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीतल्या तपशिलांशी विसंगत होईल अशा बदलांवर आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच जागी, त्याच कामाचा पाइप बदलल्याने आरसीतलं काही बदलत नाही. पण ईजीआर बंद करून घेणं, धूर सोडणारं ट्यूनिंग करणं ही वेगळी बाब, पीयूसीलाच अडकाल. गाडी वॉरंटीत असणाऱ्यांनी बाहेरचा पाइप टाकण्याआधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारावं. आणि हे वाचणाऱ्या बीएस-६वाल्यांनी गळती अजिबात अंगावर काढू नये, हवा कमी पडून झालेली काजळी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) जाऊन बसते.

तुमच्या गाडीत हवेच्या परीक्षेत एकही बुडबुडा आला नाही, तर किटचे पैसे खिशात ठेवा. मग क्रमाने बघा: एअर फिल्टर, एमएएफ सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने साफ करून, ईजीआर झडप काजळीने उघडी अडकलीय का, टर्बोची पाती मोकळी हलतात का, आणि शेवटी इंजेक्टर. धूर लोडवरच येतो की आयडलिंगलाही, आणि डोंगलवर कुठला कोड दिसतो, एवढं खाली लिहा. यातलं आधी काय उघडायचं ते त्यावरून सांगता येईल.