मार्चपूर्वी पत्र आले नाही, तर प्रवेश हुकला असे समजायचे का?

अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांकडे पदवीसाठी अर्ज केलेल्या मुलांचे पालक फेब्रुवारीच्या उत्तरार्धात माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या बोलण्यात एक प्रश्न असतोच. अमक्याच्या मुलाला विद्यापीठाचे आगाऊ पत्र आले, आमच्याकडे काहीच आलेले नाही, म्हणजे आमचा नंबर लागला नाही असे धरून चालायचे का? याचे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु नुसत्या 'नाही'ने त्या दिवसांतली घालमेल कमी होत नाही, म्हणून एका कुटुंबाची हकिगत ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून येथे मांडते.

वडील बँकेत, आई माध्यमिक शाळेत शिक्षिका आणि मुलगी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत बारावीला, असे हे कुटुंब. मुलीने १ नोव्हेंबरच्या मुदतीत एका विद्यापीठाकडे लवकर निकालाच्या योजनेतून अर्ज केला होता. डिसेंबरच्या मध्यावर तिथून ना होकार आला ना नकार. तिचा अर्ज नियमित फेरीत पुन्हा पाहिला जाईल असे कळवण्यात आले. जानेवारीच्या सुरुवातीला तिने आणखी काही विद्यापीठांकडे अर्ज केले होते. फेब्रुवारीत आई आणि मुलगी माझ्याकडे आल्या तेव्हा मुलीचा इंग्रजीचा पेपर होऊन गेला होता आणि भौतिकशास्त्राचा यायचा होता.

आईने एक दोनशे पानी वही आणली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडे 'आशा' आणि उजवीकडे 'काळजी' असे दोन रकाने तिने केले होते. एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याने तासभर मुलाखत घेतली, ही नोंद डावीकडे होती, तर दुसऱ्याकडून मुलाखतीचे बोलावणेच आले नाही, ही उजवीकडे. अर्जाच्या पोर्टलवरचा मजकूर बदलला ही नोंद आधी डावीकडे लिहून, खोडून, उजवीकडे नेलेली होती. आर्थिक साहाय्य विभागाने वडिलांचा फॉर्म १६ पुन्हा मागवला, याचे काय करायचे ते न कळल्याने ती नोंद रेघेवरच लिहिली होती. आणि उजव्या रकान्याच्या तळाशी, दोनदा अधोरेखित केलेली, न्यू जर्सीतल्या मावसबहिणीच्या मुलाची नोंद होती. त्याला ऑक्टोबरमध्येच एका आयव्ही लीग विद्यापीठाचे 'लाइकली लेटर', म्हणजे प्रवेश मिळण्याची दाट शक्यता असल्याचे अधिकृत निकालाआधी कळवणारे पत्र, मिळाले होते.

"मॅडम, ताईकडे ऑक्टोबरात पत्र आलं, इथे फेब्रुवारी संपत आला. आधी कळलं तर सीईटीचा फॉर्म भरायचा की नाही ते तरी ठरवता येईल," असे आई म्हणाली. मुलगी गप्प होती. अमेरिकेतील कार्यालये सुरू असतात तेव्हा आपल्याकडे रात्र असते, त्यामुळे ती रात्री दोन-तीन वेळा उठून मेल पाहत होती आणि सकाळी पुस्तकासमोर तिला झापड येत होती. माझ्या दृष्टीने त्या दिवशीची खरी अडचण ही होती.

सुरुवात मी त्या मावसबहिणीच्या मुलापासून केली. तो स्क्वॉश खेळतो, हे मला विचारल्यावर कळले, आणि निम्मा गुंता तिथेच सुटला. आयव्ही लीग म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, ब्राउन, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया या आठ विद्यापीठांचा गट. १९५४ सालच्या करारापासून ही विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. इतर अनेक विद्यापीठे मात्र देतात आणि चांगल्या खेळाडूंना शरद ऋतूतच लेखी हमी देऊन मोकळी होतात. आयव्हीचा अधिकृत निकाल लागतो तो लवकरच्या फेरीचा डिसेंबरच्या मध्यावर आणि नियमित फेरीचा मार्चअखेर. तोपर्यंत खेळाडू थांबणार नाही, म्हणून या विद्यापीठांनी आपसांत ठरवून दिलेल्या नियमांनुसार ऑक्टोबरपासून असे पत्र पाठवण्याची मुभा ठेवली आहे. प्रशिक्षकाने आधी नाव सुचवलेले असते, प्रवेश कार्यालयाने गुणपत्रके तपासलेली असतात, विद्यार्थ्याने पूर्ण अर्ज भरलेला असतो, आणि मग ते पत्र निघते. पुण्यात बसून जीवशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्या मुलीची त्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नव्हता, कारण ते दोघे एका रांगेत उभेच नव्हते.

खेळाडू नसलेल्या काही अर्जदारांनाही असे पत्र येते, हे खरे आहे. साधारणपणे फेब्रुवारीत किंवा मार्चच्या पहिल्या दिवसांत, ज्यांना अनेक ठिकाणी प्रवेश मिळेल असे विद्यापीठाला वाटते, अशा थोड्या विद्यार्थ्यांना ते पाठवले जाते. येलसारखे विद्यापीठ विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या मोजक्या अर्जदारांना निकालाआधीच खास कार्यक्रमासाठी बोलावत आले आहे. काही लहान महाविद्यालयेही आपल्या आवडत्या अर्जदारांना आधी लिहितात, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेसारख्या शाखांत रीजंट्स शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचे बोलावणे प्रवेशाच्या निकालाआधी येऊ शकते. या सगळ्यामागचा हेतू विद्यार्थ्याची चिंता दूर करणे हा नसतो. दुसऱ्या विद्यापीठाने त्याला ओढून नेण्याआधी त्याचे मन आपल्याकडे वळावे, एवढाच तो असतो. म्हणून ते सर्वांना पाठवायचे कारणच नसते. २०२४ साली दाखल होणाऱ्या वर्गासाठी हार्वर्डकडे ५४ हजारांहून अधिक अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देण्यात आला. अशा ठिकाणी निवड झालेल्यांपैकी बहुतेकांना निकालाच्या दिवसापर्यंत कसलेही पत्र आलेले नसते. पत्र न येणे हीच तिथली सर्वसाधारण अवस्था आहे, आणि विद्यापीठांनी ही गोष्ट आपल्या संकेतस्थळांवर ठळकपणे सांगायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. ते सांगितले गेले असते, तर त्या आईला वहीत रकाने पाडावे लागले नसते.

ज्याला असे पत्र मिळते त्याचा प्रवेश जवळपास पक्का असतो, हेही मी त्यांना सांगितले. अभ्यासातील कामगिरी आणि वर्तन टिकवले तर अधिकृत निकाल होकाराचाच असतो. मात्र ते प्रवेश कार्यालयाने लेखी दिलेले असावे लागते. प्रशिक्षक फोनवर काय म्हणाला, याला तेवढे वजन नसते. शिवाय विद्यार्थी त्याने बांधला जात नाही, त्याला आपले उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ असतो. आणि आपल्याकडच्या पालकांसाठी सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे आर्थिक साहाय्याचा आकडा पुष्कळदा त्या पत्रात नसतो. या विद्यापीठांचा वर्षाचा खर्च आता ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. तो आकडा कळल्याशिवाय बँकेतल्या नोकरदाराला होकार देता येत नाही, पत्र ऑक्टोबरात येवो की मार्चमध्ये.

मग आम्ही वहीतली एकेक नोंद घेतली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती स्वयंसेवक घेतात, आणि कोणत्या शहरात किती जण मोकळे आहेत यावर बोलावणे अवलंबून असते. न बोलावल्याने अर्जाचे नुकसान होत नाही, असे विद्यापीठे स्वतः सांगतात. मुलाखत रंगली याचा आनंद जरूर मानावा, पण घेणाऱ्याच्या हाती फक्त अहवाल लिहिणे असते, निर्णय त्याच्याकडे नसतो. पोर्टलवरचा मजकूर तांत्रिक कारणांनी एकाच वेळी हजारो जणांसाठी बदलतो. फॉर्म १६ची मागणी ज्यांनी साहाय्य मागितले आहे त्यांची फाइल पूर्ण करण्यासाठी होते, आणि तो विभाग प्रवेश समितीपेक्षा वेगळा काम करतो. सहामाहीचा अहवाल सर्वांकडूनच मागवला जातो. विभागांची माहितीपत्रके आणि 'आम्हाला तुमच्यात रस आहे' अशा धाटणीचे मेल तर अर्ज न केलेल्यांनाही येतात. बोलता बोलता आईच्याच लक्षात आले की, डावा रकाना जितका पोकळ होता तितकाच उजवाही होता. तिने तो तिथेच मिटवला नाही, पण त्यात नवीन काही लिहायचे नाही असे कबूल केले.

एक नोंद वहीत नव्हती, ती वडिलांनी नंतर फोनवर सांगितली. कोणा सल्लागाराने काही हजार रुपयांच्या बदल्यात फाइलची आतली खबर काढून देतो असे त्यांना सांगितले होते. अशी खबर बाहेरच्या माणसाला मिळत नाही. जो मिळते म्हणतो, तो एक तर अंदाज विकत असतो किंवा खोटे पत्र तयार करून देण्याच्या बेतात असतो. आगाऊ पत्राच्या बदल्यात जागा राखून ठेवण्यासाठी ताबडतोब पैसे मागणारा मेल आला, तर आधी विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता घेऊन प्रवेश कार्यालयाला विचारावे. वडिलांनी तो व्यवहार केला नाही, याचे मला फार समाधान वाटले.

मुलीशी मी एकटीने बोलले, कारण तिच्या मनातली गोष्ट आईपेक्षा वेगळी होती. "पत्र नाही आलं म्हणजे मी त्यांना साधारण वाटले, मग बोर्डाचा अभ्यास तरी कशासाठी करू?" असे ती म्हणाली. तिला मी सांगितले की, प्रवेश मिळालाच तर तो टिकवण्यासाठी बारावीचा निकाल पाठवावा लागेल, आणि गुण फार घसरले तर दिलेला प्रवेशही काढून घेतला जातो. प्रवेश मिळाला नाही, तर पुढचे सगळे दरवाजे याच परीक्षेवर उघडतात. दोन्ही बाजूंनी भौतिकशास्त्राचा पेपर तिच्याच कामाचा होता. सीईटीचा अर्ज त्याच संध्याकाळी भरायचा, असे तिघांनी मिळून ठरवले. मेलचा पासवर्ड परीक्षा संपेपर्यंत वडिलांकडे द्यायला ती स्वतःहून तयार झाली; वडिलांनी दिवसातून एकदा, सकाळी चहाच्या वेळी मेल पाहायचे आणि कागदपत्रांची मागणी असेल तेवढीच तिला सांगायची. जिथे निर्णय लांबणीवर पडला होता, तिथे कनिष्ठ महाविद्यालयामार्फत प्रिलिमचे गुण गेले आहेत की नाही हे आम्ही तपासले. ते गेले नव्हते. संकेतांच्या मागे लागलेल्या घरात खरोखर हातात असलेले हे काम मागे राहिले होते, आणि ते दुसऱ्याच दिवशी पूर्ण झाले.

आयव्ही विद्यापीठांचे नियमित निकाल मार्चअखेरीस एकाच संध्याकाळी लागतात. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. तोवर तिची लेखी परीक्षा संपलेली होती. जिथली मुलाखत तासभर रंगली होती, तिथून नकार आला. डिसेंबरमध्ये निर्णय पुढे ढकलणाऱ्या विद्यापीठाने प्रतीक्षा यादीत ठेवले. ज्या विद्यापीठाने ना मुलाखतीला बोलावले होते ना एखादा वैयक्तिक मेल पाठवला होता, तिथे तिची निवड झाली. आणखी एका लहान महाविद्यालयातूनही होकार आला आणि त्याचे साहाय्य पहिल्यापेक्षा बरेच जास्त होते.

एप्रिल महिना त्या दोन पत्रांतील आकडे समोरासमोर ठेवण्यात गेला. विमानाचे तिकीट, आरोग्य विमा आणि डॉलरचा भाव धरून चार वर्षांचा हिशेब वडिलांनी बँकेतल्या सवयीने मांडला. मोठ्या नावाच्या विद्यापीठाकडे साहाय्याचा फेरविचार करण्याची विनंती केली. त्यांनी थोडी वाढ केली, पण ती पुरेशी नव्हती. मुलीने दोन दिवस मागितले, मग लहान महाविद्यालय निवडले आणि १ मेच्या आधी होकार कळवला. बारावीचा निकाल लागल्यावर गुणपत्रकाची प्रत तिने स्वतःच तिकडे पाठवली.