थंडीत सेल्फ लागत नाही? आधी हे बघ
अरे, पहाटे पाषाणला पारा ८-९ अंशांवर आला की गाडी नुसती 'कट्-कट्' करते, यात नवल नाही. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यात इंजिन ऑइल घट्ट; स्टार्टरला जोर जास्त लागतो. पण खरं सांगू? पुण्याची थंडी बॅटरी मारत नाही. ती एप्रिल-मेच्या उन्हातच अर्धी संपलेली असते, डिसेंबरात फक्त पितळ उघडं पडतं.

म्हणून आधी बॅटरीला मीटर (व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर) लाव. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. मग टर्मिनल, म्हणजे बॅटरीवर केबल जोडतात ते खुंट, बघ. मी एकदा नवी बॅटरी घ्यायलाच निघालो होतो, आणि निघाली काय तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड! कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, कोरडं पुसून वरून पेट्रोलियम जेली. झालं. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. हे मात्र विसरू नकोस.

घर ते डेक्कन एवढ्याच फेऱ्या असतील तर बॅटरी पुरती भरतच नाही. रविवारी सिंहगडाकडे चक्कर मार, पिठलं-भाकरीचं निमित्त आहेच. आणि सेल्फ एका दमात पाच सेकंदच, मग जरा थांबायचं.