कपात 240, काट्यावर 340

प्रश्न (वाशी): रेसिपीत एक कप मध होता. कप 240 मिलीचा, म्हणून काट्यावर 240 ग्रॅम मध घेतला. केक फिका आणि कोरडा झाला.

मिली आणि ग्रॅम सारखे धरायचे ते फक्त पाण्याला. मध बराच जड, एका मिलीला साधारण 1.42 ग्रॅम. तुमच्या कपात 340 ग्रॅम मध बसतो, म्हणजे शंभर ग्रॅम कमी पडला. त्याबरोबर ओलावाही गेला, म्हणून केक कोरडा. 15 मिलीचा टेबलस्पून 21 ग्रॅमचा, 5 मिलीचा टीस्पून 7 ग्रॅमचा. आधी आपला कप तपासा, बाजारात 250 मिलीचेही मिळतात. त्यात 355 ग्रॅम मावतो. बाटलीच्या बाबतीतही हाच घोळ होतो: 500 ग्रॅमच्या बाटलीत मध जेमतेम दीड कप.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): माझ्या काट्यावर 'मिली'चं बटण आहे. ते दाबलं की झालं ना?

नाही. ते बटण वजनच मोजतं, फक्त भांड्यात पाणी आहे असं धरून. त्यावर 100 आकडा आला तेव्हा मध खरा 70 मिलीच पडलेला असतो. ग्रॅमवरच ठेवा.

आणखी एक खोड: शून्य केल्यावर फार बारीक धार सोडली, तर काही काटे तेवढं वजन धरतच नाहीत. त्यापेक्षा उलटं मोजा. बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करा, लागेल तसा मध ओता, बाटली परत ठेवा. उणे 21 दिसलं की एक टेबलस्पून गेला. चमच्याला चिकटून राहण्याचा प्रश्नही मिटतो.

प्रश्न (नेरूळ): काकवी आणि लिक्विड ग्लुकोजला कोणता आकडा धरायचा?

ग्लुकोज सोपं आहे, जवळपास मधाइतकंच धरा. काकवीचा एकच आकडा सांगणं मात्र चुकीचं ठरेल, कारण ती किती आटवली आहे त्यावर सगळं अवलंबून. पातळ काकवी हलकी, दाट काकवी जड. म्हणून आणलेल्या प्रत्येक बरणीचा आकडा घरीच काढावा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, पाण्याने काठोकाठ भरा. समजा 150 ग्रॅम आलं, तर वाटी 150 मिलीची. वाटी कोरडी पुसा, पुन्हा शून्य करून काकवी काठोकाठ भरा, बुडबुडे वर येऊन फुटू द्या, कमी झालेली भरून घ्या. 207 ग्रॅम आलं, तर 207 भागिले 150, म्हणजे 1.38. तो आकडा बरणीवर चिकटवा. आता रेसिपीतल्या मिलीला त्याने गुणलं की ग्रॅम मिळाले. वाटी छोटी असेल तर एक-दोन ग्रॅमच्या चुकीनेही आकडा हलतो, म्हणून मोठीच घ्या.

प्रश्न (खारघर): पाक कधी पातळ, कधी घट्ट होतो. वजनाने करता येईल?

उत्तम येईल. उकळताना साखर उडत नाही, पाणीच जातं. पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी उकळायला ठेवा. एकूण वजनातून पातेलं वजा करून 900 ग्रॅम उरले, की पाकात 55 टक्के साखर झाली. गुलाबजामला हे पुरे. एकतारी हवा असेल तर 700 ग्रॅमच्या आसपास आल्यावर बोटांनी तार बघायला लागा. शेवटचा निवाडा तारेचाच. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका, आकडे भरकटतात. मध्ये लाकडी पाट ठेवा आणि त्याच्यासकट शून्य करून घ्या.

प्रश्न (कळवा): केकमधल्या 200 ग्रॅम साखरेऐवजी मध किती?

मधात पाचवा भाग पाणी धरा, म्हणून 250 ग्रॅम. दूध किंवा पाणी 50 मिली कमी करा. ओव्हन 10 ते 15 अंश कमी ठेवा, नाहीतर आत कच्चा असतानाच वरून काळा पडेल.

प्रश्न (ऐरोली): मध साखरला आहे. मोजमाप बदलेल?

वजन तेच राहतं. चमच्याने मात्र मोजू नका, दाण्यांमध्ये पोकळी राहते. बाटली कोमट पाण्यात उभी करा आणि पातळ झाला की ओता.