दंगली आणि प्रार्थनास्थळांच्या वादात सरकार आयोग नेमण्यापलीकडे काय करतं?

तुम्ही विचारलंय, दंगल झाली की आयोग आणि जागेचा वाद झाला की कोर्ट, मग सरकार स्वतः करतं तरी काय? मी ठाण्यात कळव्याला राहतो आणि भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्याचे हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली. तेव्हा उत्तर भिवंडीवरूनच देतो.

आयोगांवरचा तुमचा राग रास्त आहे. ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती माडन यांच्या आयोगाने खोलात जाऊन चौकशी केली, पोलिसांच्या तपासावर पक्षपाताचा ठपकाही ठेवला. तरी १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळलीच. मुंबईच्या ९२-९३ च्या दंगलींसाठी नेमलेला श्रीकृष्ण आयोग शिवसेना-भाजप युती सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा सुरू केला, अहवाल आला १९९८ ला. बाबरी मशीद पाडल्याचा अहवाल द्यायला लिबरहान आयोगाला जवळपास १७ वर्षं आणि ४८ मुदतवाढी लागल्या. आमच्या शेठना विक्रीकरवाल्यांनी दोन मुदतवाढी दिल्या असत्या तरी त्यांनी पेढे वाटले असते.

पण १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. शांतता कमिटी आधीही होती, म्हणजे पुढारी, डॉक्टर, वकील, चहा-बिस्किटं आणि पेपरात फोटो. या कमिट्यांत पानवाला, मागावरचा कामगार, भाजीवाली अशी गल्लीतलीच माणसं. मी एका बैठकीला शेठच्या वतीने गेलो होतो. शाळेचा वर्ग, पोरांची बाकं, गुडघे आत मावत नव्हते. हवालदार वही उघडून बसलेला. पहिला पाऊण तास तुंबलेलं गटार आणि रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट यावरच गेला. मग गणपती. मिरवणूक मशिदीजवळ किती वाजता येणार, नमाज किती वाजता सुटणार, ढोल कुठून कुठपर्यंत बंद. हवालदाराने विजेच्या दोन खांबांचे नंबर लिहून घेतले, या खांबापासून त्या खांबापर्यंत वाजवायचं नाही. दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या, एकीने अंगठा दिला.

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा मी कारखान्यातच मुक्कामाला होतो. रात्री एकच्या सुमारास शटरवर थाप पडली आणि माझ्या पोटात गोळा आला. बाहेर तोच हवालदार, सोबत एक अन्सारी चाचा आणि एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला हिंदू पोरगा. गस्त घालत होते, चहा मिळेल का विचारायला आले होते. त्या हिवाळ्यात भिवंडी शांत राहिली.

हे कायमचं झालं असं समजू नका. अधिकारी बदलतात, वही कपाटात जाते. जुलै २००६ मध्ये याच गावात कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव भडकला, गोळीबारात दोघं गेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. वाद जागेचा, आणि एक पक्ष खुद्द सरकार! तेव्हा खांबांचे नंबर कोणी लिहून घेतले नसावेत, असं आपलं माझं मत.

जागांच्या वादात सरकारचं मोठं पाऊल म्हणजे १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा. १५ ऑगस्ट १९४७ ला जे स्थळ ज्या धर्माचं होतं ते तसंच राहील, अपवाद अयोध्येचा. माझ्या मते शहाणा कायदा, कारण तो कोण खरं हे ठरवायला जातच नाही. तरी दावे येत राहिले, आणि १२ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला खालच्या कोर्टांना सांगावं लागलं की तूर्त नवे दावे नोंदवू नका, सर्वेक्षणाचे आदेश देऊ नका.

गंमत म्हणजे त्याच्या दोनच दिवस आधी कल्याणच्या कोर्टाने आमच्या दुर्गाडी किल्ल्याचा निकाल दिला होता. १९७६ चा दावा, मुस्लिम पक्षाची जागेच्या मालकीची मागणी फेटाळली, जागा सरकारची ठरली. इतकी वर्षं तिथे सरकारचा बंदोबस्त ठरलेला. वर देवीचं मंदिर आहे आणि ईदगाहही, म्हणून बकरी ईदला नमाजाच्या वेळी मंदिरात जायला बंदी. त्याविरुद्ध आनंद दिघ्यांच्या काळापासून शिवसेनेचा घंटानाद, आणि किल्ल्याजवळच्या लालचौकीवर पोलिसांचे बॅरिकेड. घोषणा होतात, कार्यकर्ते ताब्यात घेतले जातात, संध्याकाळी सोडले जातात. दोन्ही बाजूंना वेळापत्रक पाठ झालंय. तुम्हाला त्या दिवशी कल्याणहून भिवंडीला यायचं असेल तर सकाळी लवकरच लालचौकी ओलांडा, नंतर वाहतूक अडकते.