पहिली गुंतवणूक म्हणून कोल्हापूरजवळ शेतजमिनीतले दोन गुंठे घ्यावेत का?

घेऊ नयेत; त्याऐवजी अकृषिक (बिगरशेती वापराची) मंजुरी व मंजूर रेखांकन (लेआउट) असलेला प्लॉट, शहरापासून थोडा लांब असला तरी, पाहावा. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि आपण शेतकरी असलात तरी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, कारण २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते किमान क्षेत्र, बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे आहे. ‘नोटरी करून देतो’ या बोलीवर (आपल्याकडे ही बोली सर्रास ऐकू येते) विसार देऊ नये. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा किंवा इतर हक्कांत सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) आहे का, हे आधी तपासावे. मात्र शहरी व निवासी क्षेत्रातील जुन्या तुकड्यांना शासनाने २०२५ मध्ये सवलत दिली असल्याने तेथील व्यवहाराचा स्वतंत्रपणे विचार करावा लागेल.