शेवटचे पाच मीटर

अरे पोरा,

तुझं पत्र मिळालं. सोबत पाठवलेली पोहण्याच्या स्पर्धेची प्रवेशयादीही पाहिली, प्रत्येकाच्या आधीच्या वेळेनुसार लावलेली. त्या यादीत तू स्वतःचं नाव खालून वर शोधत गेलास, हे तू लिहिलं नसलंस तरी मला कळलं.

पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये अजून दोन-तीन दशांश कुठून काढू, असं विचारतोस. स्पर्धा दहा दिवसांवर आल्यावर नवा वेग कुठूनच निघत नाही. आहे तो सांडू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात उरतं. आणि तू तो कुठे सांडतोस, ते मी गेली तीन वर्षं काठावर उभं राहून बघतोय.

आधी यादीचं बघू. ब्रिटनच्या ॲडम पीटीचा २५.९५ सेकंदांचा विश्वविक्रम बाजूला ठेव. २०१७ साली बुडापेस्टमध्ये तो २६ सेकंदांच्या आत गेला, ती गोष्टच वेगळी. पण २०२२ पासूनचे जागतिक विजेते पाहा. २०२२ मध्ये निक फिंक २६.४५, २०२३ मध्ये चिन हायांग २६.२९, २०२४ मध्ये सॅम विल्यमसन २६.३२ आणि २०२५ मध्ये सिमोने चेरासुओलो २६.५४. चार स्पर्धा आणि चार वेगळे विजेते. सगळे मिळून पाव सेकंदात बसतात, म्हणजे पाण्यात अर्ध्या मीटरपेक्षाही कमी अंतरात. या शर्यतीवर कुणाची मक्तेदारी उरलेली नाही. चिनने २०२३ ला ५०, १०० आणि २०० अशी तिन्ही सुवर्णं एकाच स्पर्धेत घेतली, तसं आधी कुणालाच जमलं नव्हतं. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकला १०० च्या फायनलमध्ये तो सातवा आला. तेव्हा यादीतल्या वेळेला फार मान देऊ नकोस. ती मागच्या कुठल्यातरी दिवशीची असते.

स्टार्टबद्दल फार लिहीत नाही, तो तुझा चांगला आहे. पुलआउटबद्दल, म्हणजे उडीनंतरच्या पाण्याखालच्या ओढीबद्दल, मात्र एक सांगतो. डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेला फटका, एकच, आणि तीही पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने १०० मीटर जिंकल्यावर आपण जास्तीच्या डॉल्फिन किक मारल्याचं स्वतःच कबूल केलं होतं. त्याचं पदक राहिलं. तुझं राहील या भरवशावर राहू नकोस. दुसरं म्हणजे, ब्रेस्टस्ट्रोकला पाण्याखाली राहायला पंधरा मीटरची मर्यादा नाही म्हणून तू हल्ली उगाच खाली रेंगाळतोस. पाण्याखालचा वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरला की वर यायचं. त्यापुढचा प्रत्येक क्षण तोट्याचा.

आता मुख्य मुद्दा. ब्रेस्टस्ट्रोक सगळ्यांत हळू का, याचा कधी शांतपणे विचार केलायस? फ्रीस्टाइलमध्ये एक हात बाहेरून पुढे येतो तेव्हा दुसरा पाणी ओढतच असतो. आपल्याकडे हातही पाण्यातूनच पुढे न्यायचे आणि पायही पाण्यातच दुमडायचे. म्हणजे दर स्ट्रोकला आपण स्वतःच ब्रेक मारतो आणि मग किकने पुन्हा गाडी पळवतो. मांड्या पोटाखाली जितक्या ओढशील तितका ब्रेक मोठा. म्हणून मी ओरडत असतो की टाचा वर आण, गुडघे पुढे आणू नकोस. तू घाईत असलास की नेमके गुडघे पुढे येतात. साधारण पस्तिसाव्या मीटरला, शेजारच्या लेनमधला डोळ्याच्या कोपऱ्यात दिसला रे दिसला, की तुझी किक मिटायच्या आतच हात बाहेर उघडायला लागतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय जोर लावलाय! घड्याळ वेगळंच सांगतं.

पीटीचे स्ट्रोक मोजताना आपल्यालाच धाप लागते. पण त्याचा पाण्याखालचा व्हिडिओ लावून एकेक चौकट पुढे सरकव. इतक्या वेगातही पाय पूर्ण मिटतात, डोकं दंडांच्या मध्ये जातं आणि डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ अंग सरळ रेषेत असतं. दोनशे मीटरसारखं लांब तरंगायचं नाही. पण ती सरळ रेघ प्रत्येक स्ट्रोकमध्ये आलीच पाहिजे. ती वगळून वाढवलेली गती म्हणजे नुसती खळबळ.

आणि याचा हिशेब शेवटच्या पाच मीटरमध्ये चुकता होतो. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागते. तुला अर्धी ठाऊक आहे.

तुझ्याच वयाचा होतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली माझी पहिली फायनल. सरावात माझे बावीस स्ट्रोक ठरलेले असायचे. त्या दिवशी अंगात आल्यासारखा सुटलो आणि एकविसाव्यानंतर मोजणं हरवलं. भिंत दिसली ती स्ट्रोक घ्यायला फार जवळ आणि हात पोहोचायला फार लांब. मी घाबरून आणखी एक अर्धा स्ट्रोक मारला. हात छातीशी आलेले, कोपरं दुमडलेली, आणि तशीच बोटं भिंतीवरच्या, वेळ नोंदवणाऱ्या टचपॅडला लागली. डावीकडचा गडी तोवर हात लांब करून, डोकं खाली घालून नुसता सरकत आला होता. वर पाहिलं तर फलकावर मी चौथा. तिसऱ्यात आणि माझ्यात तीन शतांश. आपल्या वेगाने शतांश म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे मी सहा सेंटिमीटरने हरलो. माझं कोपरापासून मनगटापर्यंतचं हाडच त्याच्या चौपट लांब आहे, आणि ते मी दुमडून ठेवलं होतं.

ही माझ्यासारख्यांचीच रड आहे असं समजू नकोस. पॅरिसला १०० मीटरमध्ये सातव्या लेनमधून आलेला मार्टिनेंगी ५९.०३ ला जिंकला आणि पीटी व फिंक दोघेही ५९.०५ वर राहिले. २०२३ ला फुकुओकात तर त्याच अंतरात तिघांची वेळ ५८.७२, तिघांनाही रौप्य, कांस्य कुणालाच नाही.

म्हणून या दहा दिवसांत रोज सहा वेळा फक्त शेवटचे पंधरा मीटर पोह, पूर्ण वेगाने, स्ट्रोक मोजत. भिंत चुकतेय असं वाटलं तर दुरुस्ती पाच मीटरच्या खुणेशी करायची, एकेक स्ट्रोक बोटभर लांबवून किंवा आखडून. भिंतीशी पोहोचल्यावर दुरुस्ती होत नाही, तिथे फक्त पश्चात्ताप होतो. शंका आली तर लांब राहा. शेवटच्या स्ट्रोकला कोपरं पाण्यावर आली तरी नियमाला चालतं, तेव्हा हात मोकळे फेक. मात्र दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे लागले पाहिजेत. दमल्यावर तुझा उजवा खांदा पुढे जातो. पंचाला ते दिसतं, मला दिसतं तसंच.

हीट, म्हणजे सकाळची पहिली फेरी, हलक्यात घेऊ नकोस. सोळा जण सेमीला जातात, त्यातले आठ फायनलला. बुडापेस्टला पीटी सकाळच्या हीटमध्येच २६.१० गेला आणि संध्याकाळच्या सेमीत २५.९५. सुवर्ण मिळालं ती फायनल २५.९९ ची होती. १०० चा त्याचा ५६.८८ चा विक्रमही सेमीतलाच, २०१९ चा. फायनलसाठी काही राखून ठेवण्याची चैन त्यालासुद्धा करावीशी वाटली नाही, तर तुझं माझं काय घेऊन बसलास.

शर्यतीआधी सगळ्यांना बसवतात त्या कॉल रूममध्ये कुणी छाती थोपटेल, कुणी मुद्दाम तुझ्यासमोर येऊन बसेल. बसू दे. तू चष्म्याचा पट्टा तपास आणि चोवीस आकडे मनात मोज, कारण सध्या तुझे स्ट्रोक चोवीस आहेत.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला पुन्हा दुखायला लागलं तर लपवू नकोस. त्या दिवशी किक बंद, फक्त हात. मागच्या वेळी लपवलंस आणि तीन आठवडे गेले.

२०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येतोय, हेही तू पत्रात दोनदा लिहिलंयस. तो विषय परत आलास की बोलू.

आजच्या सरावाचा व्हिडिओ पाठव. समोरून काढलेला नको, बाजूने, आणि पाच मीटरची खूण चौकटीत दिसली पाहिजे.

तुझा,
सर